हातचं राखून

नालबंद आल्याआल्या घोड्याचा पाय उचलायला वाकला, की मला जरा धाकधूक वाटते. कसलेला माणूस आधी हत्यारांना हातच लावत नाही. पेटी एका बाजूला ठेवतो आणि म्हणतो, "जरा चालवून दाखवा." सरळ जायचं, सरळ परत यायचं, मग एकदा त्याच्या समोरून आडवं न्यायचं. दोर सैल, मान मोकळी, जमीन कडक आणि सपाट. घोडा परत येऊन उभा राहतो तोवर त्याचं निम्मं काम झालेलं असतं.

तो बघत असतो खूर टेकतो कसा ते. टाच आधी टेकली किंवा सगळा खूर एकदम सपाट टेकला, तर घोडा निर्धास्त चालतोय. चवड्यानं चाचपत टेकत असेल तर टाचेकडे काहीतरी दुखतंय. बाहेरची कड आधी आपटून मग आतली टेकत असेल तर खुराचा समतोल गेलाय, किंवा पायाची ठेवणच मुळात तशी आहे. आणि या दोहोंतलं काय, हे ओळखण्यात नालबंदाची खरी परीक्षा. मग डोकं. पुढच्या पायात दुखणं असेल तर दुखरा पाय टेकताना घोडा डोकं वर उचलतो आणि चांगल्या पायावर खाली सोडतो. त्यामुळे नवखा माणूस हमखास चांगल्या पायाकडे बोट दाखवतो.

आमच्याकडे जे काका येतात ते चालून झालं की चौकशी सुरू करतात. मागच्या वेळेनंतर काही आजारपण? चारा बदलला? वजन वाढलंय का? काम किती, कसल्या जमिनीवर? खुराचं काम करणाऱ्या माणसानं चाऱ्याची चौकशी का करावी, असं पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटेल. पण खूर म्हणजे घोड्याच्या तब्येतीची सावकाश लिहिली जाणारी नोंदवही, आणि ती वाचताना आजूबाजूचे तपशील माहीत असावे लागतात.

घोडा चार बोटांवर उभा असतो. प्रत्येक पायाचं मधलं बोट तेवढं उरलं, आणि खूर हे त्या बोटाचं नख. साडेपाच कोटी वर्षांपूर्वी त्याचा जो कुत्र्याएवढा पूर्वज होता त्याला पुढच्या पायांना चार आणि मागच्या पायांना तीन बोटं होती. ती एकेक करून झडली आणि साडेचारशे-पाचशे किलोंचा देह या चार नखांवर आला. त्यातही साधारण 60 टक्के भार पुढच्या दोघांवर. म्हणून पुढचे खूर गोल आणि पसरट, मागचे जरा निमुळते.

खुराची बाहेरची भिंत निर्जीव असते. तिच्यात नस नाही, रक्त नाही. म्हणून ती कापता येते, घासता येते, तिच्यात खिळा ठोकता येतो. आतलं हाड मात्र या भिंतीला आतून टांगलेलं असतं. भिंतीच्या आतल्या अंगाला सुमारे 600 उभ्या घड्या असतात, हाडावरच्या जिवंत त्वचेलाही तशाच, आणि दोन वह्यांची पानं एकमेकांत सरकवून बसवावीत तशा त्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. प्रत्येक घडीला आणखी बारीक घड्या. घोड्याचा बराचसा भार ही पकड पेलते. घोडा तळव्यावर उभा आहे असं आपल्याला दिसतं, प्रत्यक्षात तो भिंतीला लटकलेला असतो.

ही भिंत वाढते वरून, जिथे केस संपतात त्या कडेपासून. महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर. खुराच्या पुढच्या बाजूला वरपासून जमिनीपर्यंत पोचायला 9 ते 12 महिने लागतात; टाच ठेंगणी, म्हणून ती साधारण निम्म्या वेळात नवी होते. म्हणजे आज जमिनीला लागणारी कड गेल्या वर्षी तयार झालेली आहे. मधल्या काळात घोड्याला ताप आला, चारा एकदम बदलला, घोडी व्याली, तर भिंतीवर त्याची आडवी रेघ उमटते आणि हळूहळू खाली सरकत जाते. आमच्या रेवा घोडीच्या पुढच्या खुरावर अशी एक रेघ काकांना दिसली. दिसली म्हणण्यापेक्षा बोटाला लागली. अंगठा वरून खाली फिरवताना ते एका जागी थांबले, मग तिथून केसांच्या कडेपर्यंतचं अंतर दोन बोटांनी मोजलं, आणि विचारलं, "ताई, तीन-चार महिन्यांपूर्वी काय झालं होतं हिला?" त्याच सुमारास तिला चांगलाच ताप येऊन गेला होता. मी त्यांना तो सांगितलेला नव्हता, कारण खुराशी त्याचा संबंध असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

नेमकं इथंच घोडं पेंड खातं. खुराचं बरंवाईट सगळं उशिरा दिसतं, आणि माणसाला धीर नसतो. बायोटिन या जीवनसत्त्वाचंच घ्या. दिवसाला 20 मिलिग्रॅमच्या आसपास दिलं तर ठिसूळ खुरांना फायदा होतो, असं अभ्यासांत दिसलंय. पण तो फायदा फक्त नव्यानं तयार होणाऱ्या भिंतीला. जुनी आहे तशीच राहणार. आठ-नऊ महिने नेमानं द्यायला हवं. लोक दोन महिने देतात, काही फरक नाही म्हणतात आणि दुसरा डबा आणतात. मग तिसरा. वरून चोपडायच्या तेलांबद्दल तर मी काही बोलूच नये. चकाकी छान येते, फोटो छान येतात.

पाय उचलण्याबद्दल मात्र बोललं पाहिजे, कारण ते पूर्णपणे आपल्या हातात आहे. घोडा शिकवणं हे नालबंदाचं काम नाही. तो कंबरेत वाकून, घोड्याचा पाय मांड्यांमध्ये धरून, धारदार हत्यार घेऊन काम करतो, आणि वरून घोड्यानं सगळं अंग त्याच्यावर सोडलं तर त्याची पाठ किती वर्षं टिकणार? या धंद्यातल्या माणसांच्या कमरा आणि गुडघे लवकर जातात. ज्यांचा घोडा पाय देत नाही त्यांच्याकडे चांगले नालबंद दुसऱ्यांदा येत नाहीत, त्यात त्यांचं काय चुकलं?

शिंगरू काही आठवड्यांचं असल्यापासून ही सवय लावायची. खांद्यावर हात ठेवायचा, तसाच पायावरून खाली आणायचा, नडगीच्या मागे शिरेवर, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीवर, हलकं दाबायचं आणि पाय सुटला की क्षणभर धरून लगेच खाली. त्यानं हिसका मारायच्या आत आपण ठेवला पाहिजे. पुढे धरायचा वेळ वाढवत न्यायचा, खुरावर हातानं थापट्या मारायच्या, म्हणजे उद्या हातोड्याचं नवल वाटत नाही. पाय बाजूला ओढायचा नाही, तो त्याच्या अंगाखालीच राहिला पाहिजे. म्हाताऱ्या जनावराला तर फार वरही उचलवत नाही. आमच्या थोरल्या तट्टाचे मागचे पाय काका जवळजवळ जमिनीलगत धरून, स्वतः गुडघ्यावर बसून करतात. त्याला संधिवात आहे. पाय हिसकतो तो हट्टानं नाही, दुखतं म्हणून, हे ज्याला कळत नाही त्याला मी माझ्या घोड्याजवळ येऊ देणार नाही.

घोडा धरणाऱ्यानं कुठे उभं राहायचं यालाही नियम आहे. नालबंद ज्या बाजूला, त्याच बाजूला आपण. घोडा बिचकला तर डोकं आपल्याकडे ओढायचं, म्हणजे त्याचा मागचा भाग नालबंदापासून लांब जातो. उलट्या बाजूला उभं राहून ओढलं तर घोडा त्याच्या अंगावर जाईल. बाकी तयारी साधी: कोरडी सपाट जागा, पुरेसा उजेड, पाय धुऊन वाळलेले. चिखलानं भरलेले पाय नालबंदासमोर करू नयेत. आणि तो वाकलेला असताना फोनवर बोलत बसू नये, हे सांगायची वेळ येऊ नये खरं तर.

आता कापणं. आधी आकड्यानं खूर साफ होतो. मग वाकड्या टोकाच्या सुरीनं तळव्यावरचा सुटलेला, भुगा होणारा थर निघतो. तळाच्या मधोमध रबरासारखा त्रिकोण असतो, फ्रॉग म्हणतात त्याला. त्याची लोंबणारी चिंधी तेवढी काढायची. फ्रॉग आणि त्याच्या वरची गादी हादरे झेलते, आणि प्रत्येक पावलागणिक पायातलं रक्त वर ढकलायला मदत करते. तो कोरून सुबक करण्याचा काहींना सोस असतो. तळवाही कोरून कोरून पांढराशुभ्र करतात. दिसायला छान, पण आतल्या हाडाखाली साधारण दीड सेंटिमीटर तळवा असावा लागतो, आणि कोरून पातळ केला तर घोडा दुसऱ्या दिवशी प्रत्येक खड्यावर दचकतो. त्यानंतर लांब दांड्याच्या पकडीनं भिंतीची वाढलेली कड कापली जाते आणि शेवटी कानस.

काका पकड लावण्याआधी एका गोष्टीवर हमखास थांबतात. भिंत आणि तळवा जिथे जुळतात तिथे एक फिकट रेषा असते, पांढरी रेषा म्हणतात तिला, जरी ती प्रत्यक्षात पिवळसर दिसते. ती बारीक आणि एकसारखी असेल तर आतली पकड घट्ट आहे. एखाद्या जागी रुंदावली असेल, भुसभुशीत असेल, तर भिंत तिथे ओढली जातेय. तिच्यात लालसर ठिपके दिसले तर काही महिन्यांपूर्वी आत रक्त साकळलं होतं. एकदा रेवाच्या डाव्या पुढच्या खुराला त्यांनी सहा-सात मिलिमीटर कापलं आणि पकड खाली ठेवली. मला तो खूर अजून लांब वाटत होता. "अजून आहे ना काका?" तर म्हणाले, "आहे, पण पुढल्या वेळेला. आज घेतलं तर परत चिकटवता येणार नाही." लांबलेला चवडा एकाच बैठकीत पूर्ण मागे आणायचा नाही. आतल्या शिरांना आणि सांध्यांना जुन्या कोनाची सवय झालेली असते. दर फेरीला थोडं थोडं. मला विचाराल तर चांगला नालबंद ओळखायचा तो त्यानं काय ठेवलं यावरून.

नाल हवी की नको यावर माणसं इतकी हमरीतुमरीवर येतात की घोडा बाजूलाच राहतो. ग्रीक सेनानी झेनोफन इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात सांगून गेला, की घोड्याला गोटे पसरलेल्या जागेवर उभं करा, खूर आपोआप कणखर होतात. त्याच्या घोड्यांना नाल नव्हती. रोमन लोक पायाला धातूची पादत्राणं बांधायचे, तीही काढता-घालता येणारी. खिळ्यांनी ठोकलेली नाल युरोपात सर्रास दिसू लागली ती साधारण हजार वर्षांपूर्वी. यंत्रावर नाल घडवण्याचं पेटंट हेन्री बर्डन यानं अमेरिकेत 1835 मध्ये घेतलं, आणि लोहाराच्या ऐरणीवर एकेक करून होणारी वस्तू ढिगानं मिळू लागली. पण ढिगानं मिळणारी नाल पायाला बसवायची कुणी? पेच तिथेच राहिला. ब्रिटनमध्ये तर 1975 च्या कायद्यानं, पशुवैद्यासारखे थोडे अपवाद सोडले तर, नोंदणीकृत नालबंदाशिवाय इतरांना, अगदी घोड्याच्या मालकालाही, नाल ठोकायला बंदी केली.

माझं मत विचाराल तर झीज वाढीपेक्षा जास्त असेल, घोडा खडकाळ किंवा कडक रस्त्यावर रोज राबत असेल, किंवा खुरात असा काही दोष असेल की त्याला आधार हवा, तर नाल. नाहीतर उघडा पाय. नाल लावली की खूर झिजायचा थांबतो, पण वाढायचा थांबत नाही, त्यामुळे नालेचा घोडा आणखी काटेकोरपणे वेळेवर दाखवावा लागतो. आणि नाल काढली म्हणजे घोडा दुसऱ्या दिवसापासून ठणठणीत, असंही नाही. तळवा जाड व्हायला महिने जातात.

खिळा ठोकताना बघण्यासारखं असतं. खिळ्याच्या टोकाला एका अंगानं उतार दिलेला असतो, त्यामुळे तो आत जाताना सरळ न जाता बाहेरच्या दिशेला वळतो आणि भिंतीतून बाहेर डोकावतो. उलटा धरला तर तो थेट जिवंत भागात जाईल. म्हणून काका प्रत्येक खिळा तोंडातून काढला की बोटांत फिरवून त्याच्या डोक्यावरची खूण चाचपतात, मगच लावतात. पहिले दोन-तीन ठोके हलके. घट्ट भिंतीतून जाणाऱ्या खिळ्याचा आवाज कडक येतो. मऊ भागात शिरला तर आवाज बसतो आणि खिळा नको तितका सहज जातो. तेव्हा ते थांबतात, उपटतात, टोक बघतात, वास घेतात. बाहेर आलेलं टोक लगेच पिळून तोडायचं, नाहीतर घोड्यानं पाय ओढला की मांडी फाटली. सगळे खिळे पुढच्या भागात, खुराच्या सर्वांत रुंद जागेच्या पुढेच. कारण भार पडला की टाचा किंचित पसरतात, त्यांना तेवढी मोकळीक हवी. गरम नाल क्षणभर टेकवून बसवतात तेव्हा जळक्या केसांचा वास असलेला पिवळट धूर निघतो आणि पाहुणे घाबरतात. घोड्याला त्याचं काही वाटत नाही. फार तर कान हलवतो.

नालबंद दर सहा ते आठ आठवड्यांनी तासभर येतो. मधले सगळे दिवस आपले. रोज खूर साफ करायचा, टाचेकडून चवड्याकडे, फ्रॉगच्या दोन्ही बाजूंच्या खाचा आणि मधली चीर नीट बघून. तिथे काळपट ओलसर घाण आणि नाकात जाणारा कुबट वास आला तर थ्रश, म्हणजे खुराच्या तळाचा संसर्ग. ओल आणि लिदीत उभं राहून होतो, हवेशिवाय जगणारे जंतू तिथे फावतात. जागा कोरडी केल्याशिवाय कुठलंही औषध पुरत नाही. हात लावून चारही खुरांची ऊब ताडून बघायची. घोट्याच्या मागे दोन बाजूंना नाडी लागते. एरवी ती जेमतेम कळते, ती टणटण उडायला लागली तर आत दाह आहे.

काल बरा असलेला घोडा आज पाय टेकतच नाही, असं झालं की माणसं हाड मोडलं समजून हादरतात. बहुतेकदा आत पू झालेला असतो. कडक पेटीत कोंडलेला पू, दुसरं काय होणार? पशुवैद्य किंवा त्याच्या सांगण्यावरून नालबंद पकडीनं दाबून जागा शोधतो, छोटं भोक पाडतो, करड्या रंगाचा घाणेरडा पू बाहेर येतो आणि घोडा बहुतेकदा लवकरच पाय टेकायला लागतो. तळव्यात खिळा घुसलेला सापडला तर मात्र तो उपटायची घाई करू नये. आणखी आत जाणार नाही अशी सोय करून पशुवैद्याला बोलवावं. खिळा जागेवर असताना एक्सरे निघाला तर तो कुठवर पोचलाय ते दिसतं; उपटल्यावर वाट मिटून जाते.

लॅमिनायटिस ही निराळीच गोष्ट. वर ज्या घड्या सांगितल्या त्यांचीच पकड त्यात सुटते. धान्याच्या पोत्यात तोंड घातलं, साखर भरलेलं हिरवं गवत जास्त झालं, घोड्याच्या शरीराला इन्शुलिन आवरेनासं झालं, व्याल्यानंतर वार आत राहिली, कारणं बरीच. एका पायाला इजा झाली आणि सगळा भार दुसऱ्यावर आला तरी होतो. 2006 मध्ये अमेरिकेतली केंटकी डर्बी ही शर्यत जिंकणाऱ्या बार्बारो या घोड्याचा मागचा उजवा पाय पुढच्याच मोठ्या शर्यतीत मोडला. मोडलेलं हाड जुळत आलं होतं. पण डाव्या पायाला आणि नंतर पुढच्या दोन्ही पायांना लॅमिनायटिस झाला आणि 29 जानेवारी 2007 रोजी त्याला कायमचं झोपवावं लागलं. घोडा पुढचे पाय पुढे टाकून, भार मागे झुकवून उभा दिसला आणि वळायला कुरकुर करू लागला, की आधी फोन पशुवैद्याला. एक्सरे हातात आल्यावर नालबंद आणि डॉक्टर यांनी शेजारी उभं राहून ठरवावं, कोन किती बदलायचा. दोघं एकमेकांशी बोलत नसतील तर बोलायला लावणं हे मालकाचं काम.

वेळ चुकवण्याची सवय सगळ्यांत महाग पडते. "अजून आठवडाभर चालेल" म्हणत सहाचे दहा होतात. चवडा पुढे पळतो, टाचा खाली दबतात, खूर उचलताना प्रत्येक पावलाला मागच्या शिरेवर ताण येतो. मग नालबंद मागच्या दोन फेऱ्यांत कमावलेलं पुन्हा पहिल्यापासून कमावतो. म्हणून काका निघण्याआधी पुढची तारीख ठरवूनच निघतात.

सध्या आमचा वाद चालू आहे तो रेवाच्या मागच्या पायांवरून. काकांचं म्हणणं, मागच्या पायांची नाल काढून बघू. भिंत जाड आहे, मागे भार कमी, आणि खिळ्यांच्या जुन्या भोकांपाशी कड तुटायला लागलीय, तिला उसंत मिळेल. माझं म्हणणं, आमचा रोजचा रस्ता खडीचा आहे आणि ती पहिल्या आठवड्यातच अवघडून चालेल. ते म्हणाले, "अवघडली तर पायात बूट घालू, नाल परत लावणं कुठे पळून जातंय?" तोवर मागच्या खुरांचे फोटो काढून ठेवायला सांगितलंय: फोन जमिनीला टेकवून, खुरासमोर सरळ धरून, दर वेळी तेवढ्याच अंतरावरून. मी काढतेय. माझं मत अजून तरी बदललेलं नाही.